हॉटेलनं लावलेला जादा आकार परत कसा मागायचा

हॉटेल सोडून तीन दिवस झालेले असतात, प्रवासाचे कपडे धुऊन वाळतसुद्धा आलेले असतात, आणि मोबाइलवर मेसेज येतो: कार्डावरून अमुक रक्कम वळती झाली. नाव त्याच हॉटेलचं. निघताना बिल चुकतं करून, पावती खिशात घालून आलो होतो. मग हे कशाचे पैसे?

माझ्या बाबतीत ते ‘खोलीत धूम्रपान केल्याबद्दल’ होते. मी आजवर सिगारेट ओढलेली नाही. पहिला फोन मी केला तो तावातावानं, आणि तो साफ वाया गेला. पलीकडून अत्यंत नम्र आवाजात ‘आमची पॉलिसी आहे’ एवढंच ऐकू येत राहिलं. दुसऱ्या दिवशी डोकं थंड करून ईमेल लिहिला आणि दोनच गोष्टी विचारल्या: कोणत्या पुराव्यावरून, आणि हा आकार द्यायला मी कुठे संमती दिली? नऊ दिवसांनी पैसे परत आले. सोबत कारण नव्हतं की दिलगिरी नव्हती.

त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे असे ईमेल लिहून दिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ‘हे अन्यायकारक आहे’ या वाक्यावर ना हॉटेल निर्णय देतं, ना बँक. हा आकार आधी सांगितला होता का, पाहुण्यानं तो मान्य केला होता का आणि ज्याचे पैसे घेतले ती गोष्ट खरंच घडली का, एवढंच ते बघतात. म्हणून आपली तक्रार न्याय-अन्यायाच्या भाषेतून काढून या तीन प्रश्नांच्या भाषेत आणायची. खालची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

आधी बघा, पैसे खरंच गेलेत का

चेक-इनच्या वेळी हॉटेल कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं. याला होल्ड किंवा प्री-ऑथरायझेशन म्हणतात. मिनीबार, लाँड्री, खोलीत मागवलेलं जेवण यांची ती हमी असते. ही रक्कम खात्यात ‘पेंडिंग’ दिसते. क्रेडिट कार्डावर तिच्याएवढी मर्यादा कमी झालेली दिसते, डेबिट कार्डावर मात्र खात्यातले खरे पैसे अडकतात, म्हणून तिथे घाबरगुंडी जास्त उडते. चेक-आउटनंतर होल्ड सुटायला काही दिवस लागतात, कधी कधी त्याहून जास्त. हॉटेलनं सोडलं तरी बँकेनं सोडायचं बाकी असतं.

पेंडिंग नोंदीवर डिस्प्यूट, म्हणजे बँकेकडे त्या व्यवहाराविरुद्ध तक्रार, घालता येत नाही. बँक ‘व्यवहार पूर्ण होऊ द्या’ असंच सांगेल. अशा वेळी हॉटेलच्या हिशेब विभागाला फोन करून ‘होल्ड रिलीज केला का’ एवढंच विचारावं. नोंद ‘पोस्टेड’ झाली असेल, म्हणजे पैसे खरंच वळते झाले असतील, तरच पुढे वाचा.

फोलिओ मागवा

हॉटेलच्या भाषेत पाहुण्याच्या खात्याला फोलिओ म्हणतात. निघताना हातात पडतं ते बिल म्हणजे त्या क्षणापर्यंतचा फोलिओ. नंतर वळती झालेली रक्कम त्यात नसते, म्हणून ‘अंतिम, बाबवार फोलिओ पाठवा’ असं स्पष्ट मागायचं. बेरीज नको, प्रत्येक ओळ तारखेसह हवी. सोबत नोंदणी-कार्डाची प्रतही मागा, म्हणजे चेक-इनच्या गडबडीत आपण ज्यावर सही ठोकतो तो कागद. हॉटेल पुढे बँकेसमोर तोच ठेवणार असतं. त्यावर काय छापलंय ते आपल्याला आधी माहीत असलेलं बरं.

याच टप्प्यावर आणखी एक बघायचं: पैसे नक्की कुणी घेतले? बुकिंग संकेतस्थळावरून खोली घेतली असेल तर दोन शक्यता असतात. एकतर पैसे संकेतस्थळानं घेतलेले असतात, नाहीतर त्यानं फक्त खोली राखलेली असते आणि पैसे हॉटेलनं घेतलेले असतात. स्टेटमेंटवर ज्याचं नाव, परताव्याची जबाबदारी त्याची. हे न पाहता तक्रार केली की हॉटेल संकेतस्थळाकडे बोट दाखवतं, संकेतस्थळ हॉटेलकडे, आणि यात महिना सहज जातो.

आकाराची जात ओळखा

सगळे जादा आकार एकाच युक्तिवादानं पडत नाहीत. काही बाबतींत तर हॉटेलची बाजू भक्कम असते, हेही मान्य करायला हवं.

*रिसॉर्ट फी, सुविधा शुल्क वगैरे.* खोलीचं भाडं कमी दाखवायचं आणि पोहण्याचा तलाव, वाय-फाय, जिम यांच्या नावानं दररोजचा सक्तीचा आकार नंतर जोडायचा, ही ती पद्धत. इथे तुम्ही तलावात उतरलात की नाही हा मुद्दा नाही. पैसे भरण्याच्या पानावर जी एकूण रक्कम दिसली त्यात हा आकार होता का, हा मुद्दा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१२ मध्येच २२ हॉटेल कंपन्यांना याबाबत इशारापत्रं पाठवली होती. अखेर १२ मे २०२५ पासून तिथे सक्तीचे सगळे आकार धरूनच किंमत दाखवण्याचा नियम लागू झाला. लक्षात घ्या, आकार लावायला बंदी नाही, लपवायला आहे. बुकिंगच्या पुष्टीपत्रात तो स्पष्ट लिहिलेला असेल तर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. तलाव त्या दिवसांत बंदच होता, असं असेल तर मात्र अर्थ आहे: पैसे घेतले आणि सुविधा दिली नाही.

*रद्द केल्याचा किंवा न आल्याचा आकार.* यात पाहुणे सगळ्यात जास्त हरतात, कारण अट लिहिलेली असते आणि आपण टिक केलेली असते. तरीही दोन फटी तपासाव्यात. पहिली, मुदत कोणत्या वेळेची? ती सहसा हॉटेलच्या गावच्या घड्याळाप्रमाणे धरतात. दूरच्या देशातलं बुकिंग असेल तर आपल्या हिशेबानं वेळेत केलेलं रद्दीकरण तिथे उशिराचं ठरू शकतं आणि उलटही. दुसरी, आकार किती रात्रींचा? अटीत एका रात्रीचं भाडं लिहिलेलं असताना संपूर्ण मुक्कामाचं कापलं, असं बऱ्याचदा होतं. रद्दीकरणाचा क्रमांक मिळाला असेल तर तो सोन्यासारखा जपा.

*मिनीबार.* काही फ्रिजांत सेन्सर असतात. बाटली नुसती उचलून लेबल वाचलं, किंवा आपलं औषध ठेवायला जागा करताना हलवली, तरी खात्यावर नोंद पडते. ही भांडणं सगळ्यात सोपी. हॉटेललाही हे माहीत असतं आणि ते सहसा लगेच काढून टाकतात.

*धूम्रपान आणि नुकसान.* सगळ्यात मोठ्या रकमा इथे असतात आणि सगळ्यात पातळ पुरावेही. ‘हाउसकीपिंगला वास आला’ हे मत झालं. तो वास कुणाला, किती वाजता आला, कोणत्या खोलीत, राखेचा किंवा थोटकाचा फोटो आहे का, तुमच्यानंतर ती खोली दुसऱ्या पाहुण्याला दिली होती का, हे सगळं विचारा. हल्ली काही ठिकाणी धूर ओळखणारी यंत्रं बसवतात. त्यांतली बरीचशी हवेतले कण मोजतात, सिगारेट पाहत नाहीत; केसांवर मारायच्या फवाऱ्यानंही आकडा चढू शकतो. म्हणून नुसता ‘अलार्म आला’ चालवून घेऊ नका. नोंदीचा तक्ता मागा: वेळ, पातळी, किती मिनिटं. माझ्या प्रकरणात मी हेच मागितलं होतं. तक्ता कधीच आला नाही, पैसे आले.

फुटलेला दिवा, डागाळलेली गादी यांसाठी दुरुस्तीचं किंवा नव्या वस्तूचं बिल मागायचं. गादी आधीच किती वर्षं वापरात होती हाही रास्त प्रश्न आहे. जुन्या वस्तूसाठी नव्याची पूर्ण किंमत का, याचं उत्तर त्यांना द्यायला लावा. इलेक्ट्रॉनिक कुलपं दार कोणत्या किल्लीनं केव्हा उघडलं याची नोंद ठेवतात. तुम्ही निघाल्यानंतर आणि नुकसान ‘सापडण्याआधी’ त्या खोलीत कोण कोण गेलं, हे त्या नोंदीतून कळतं. ती मागितली की पत्रव्यवहाराचा सूर बदलतो असा माझा अनुभव आहे.

*चलनाचा घोळ.* परदेशात कार्ड मशीनवर ‘तुमच्या चलनात देणार का’ असा पर्याय येतो. तो घेतला की विनिमय दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो आणि तो सहसा महाग पडतो. तुम्हाला न विचारता तो निवडला असेल, तर बँकेकडे हा स्वतंत्र मुद्दा होतो. पावतीवर दोन चलनं आणि दर छापलेला दिसेल, ती ठेवा.

दुबार वळती झालेली रक्कम किंवा दुसऱ्या खोलीचं जेवण आपल्या नावावर, या निव्वळ चुका. एक फोन पुरतो.

अजून काउंटरवर उभे असाल तर

मग तुमचं नशीब चांगलं आहे. हॉटेलांत रोज रात्री हिशेब बंद करतात, त्याला नाइट ऑडिट म्हणतात. त्याआधी चुकीची नोंद स्वागतकक्षातला माणूस साधारणपणे स्वतःच रद्द करू शकतो. ऑडिट झालं की तीच रक्कम ‘सूट’ म्हणून वेगळी दाखवावी लागते आणि तिला सहसा व्यवस्थापकाची मंजुरी लागते. म्हणून शेवटच्या सकाळपर्यंत थांबू नये. आदल्या संध्याकाळी फोलिओ मागून नजर टाकावी, तेव्हा रांगही नसते.

काउंटरवर नकार मिळाला आणि विमान गाठायचं असेल, तर पैसे भरा, पण बिलावर त्या ओळीसमोर ‘ही रक्कम मान्य नाही’ असं लिहून सही करा आणि त्याचा फोटो घ्या. काही न लिहिता सही करून नंतर तक्रार करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच येतो की तेव्हा का बोलला नाहीत. समोरच्या माणसाचं नाव आणि वेळ टिपून ठेवा. त्याच्यावर ओरडू नका. तो आकार त्यानं ठरवलेला नाही, आणि फोलिओवरची नोंद काढणारा हात बहुधा त्याचाच असतो.

पुरावे गोळा करणं

लागतं ते एवढंच: बुकिंगचं पुष्टीपत्र, पैसे भरण्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, निघतानाचं बिल, स्टेटमेंटवरची नोंद आणि झालेला पत्रव्यवहार. बुकिंगच्या वेळी स्क्रीनशॉट घेतला नसेल (कोण घेतं?) तर वेबॅक मशीन या इंटरनेट संग्रहात त्या हॉटेलच्या पानाची जुनी प्रत आहे का बघा. आकार नंतर जोडलेला असेल तर तिथे उघड पडतो.

खोली सोडताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायची सवय लावा: गाद्या, न्हाणीघर, फ्रिज उघडून, शेवटी दार बंद होताना. मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून तारीख-वेळेची आतली माहिती निघून जाते, त्यामुळे पुढे पाठवलेली प्रत पुरावा म्हणून कमजोर.

लेखी तक्रार

फोन फक्त कुणाला लिहायचं हे विचारण्यासाठी. बाकी सगळं ईमेलवर, हॉटेलच्या व्यवस्थापकाला आणि हिशेब विभागाला एकत्र. फोनवर काही कबूल झालं तर लगेच ‘आपल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात करून ते ईमेलनं पाठवायचं.

मजकूर लहान हवा. मी साधारण असा लिहितो:

‘माझा मुक्काम अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, बुकिंग क्रमांक अमुक. निघताना मी सोबत जोडलेलं बिल पूर्ण भरलं. त्यानंतर अमुक तारखेला माझ्या कार्डावरून आणखी अमुक रक्कम घेतली गेली. ही रक्कम बुकिंगच्या पुष्टीपत्रात नाही, तिची मला पूर्वकल्पना दिलेली नाही आणि ती घेण्यास मी संमती दिलेली नाही. कृपया अमुक तारखेपर्यंत पूर्ण रक्कम त्याच कार्डावर परत करावी. आकार योग्य आहे असं आपलं म्हणणं असेल, तर त्याच तारखेपर्यंत अंतिम फोलिओ, माझ्या सहीचं नोंदणी-कार्ड आणि त्या आकाराचा पुरावा पाठवावा. तसं न झाल्यास मी कार्ड देणाऱ्या बँकेकडे डिस्प्यूट दाखल करेन.’

एवढंच. किती मनस्ताप झाला, सुट्टीची कशी माती झाली, हे लिहायची फार इच्छा होते, लिहू नका. वाचणारा त्या परिच्छेदांना उत्तर देतो आणि मुद्दा टाळतो. मुदत सात ते दहा दिवसांची द्या आणि तारीख घाला. ‘लवकरात लवकर’ याला काही अर्थ नसतो. ‘पैसे द्या नाहीतर वाईट परीक्षण लिहीन’ हेही नको. काही संकेतस्थळांच्या नियमांत ही धमकी ठरते आणि तुमचं खरं परीक्षणसुद्धा काढून टाकलं जातं. परीक्षण लिहायचंच असेल तर प्रकरण संपल्यावर, धमकी न देता लिहा.

उत्तर आलं नाही तर साखळीतल्या हॉटेलांसाठी मुख्य कार्यालयाचा ग्राहक विभाग असतो. मोठ्या नावाची पुष्कळ हॉटेलं फ्रँचायझीवर चालतात, मालक वेगळाच असतो, त्यामुळे मुख्य कार्यालय ‘आम्ही परत करू शकत नाही’ असं म्हणतं. तरी त्यांची विचारणा मालकापर्यंत पोचते आणि ती त्याला नको असते. बुकिंग संकेतस्थळालाही त्याच ईमेलची प्रत पाठवावी.

बँकेचा दरवाजा

हॉटेलनं दाद दिली नाही तर आपल्या बँकेमार्फत कार्डावरची रक्कम परत मागता येते, यालाच चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांनुसार बहुतेक प्रकारच्या तक्रारींना साधारण १२० दिवसांची मुदत असते. ती कधी व्यवहाराच्या तारखेपासून मोजतात, कधी सेवा मिळायला हवी होती त्या तारखेपासून. पण ही मुदत बँकेसाठी आहे, तुम्ही आपल्या बँकेला त्याच्या बरंच आधी कळवायला हवं. हॉटेलच्या ‘चौकशी चालू आहे’ या ईमेलांवर विसंबून दोन-तीन महिने घालवलेले लोक मी पाहिलेत.

अर्जात कारणाचा रकाना असतो आणि निकाल बऱ्याच अंशी तिथेच लागतो. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ हा पर्याय निवडू नका. तो फसवणुकीसाठी आहे. तुम्ही तिथे राहिला होता, हॉटेल सहीचं कार्ड दाखवेल आणि तक्रार तिथेच बाद होईल. वर कार्ड बंद होऊन नवं येईपर्यंतचा ताप वेगळा. आपला खरा प्रकार निवडा: रक्कम चुकीची, दुबार वसुली, सेवा मिळाली नाही, रद्द केलेलं बुकिंग, किंवा कबूल केलेला परतावा आला नाही. हॉटेलनं एखाद्या ईमेलमध्ये ‘परत करतो’ असं लिहून ठेवलं असेल तर शेवटचा प्रकार सगळ्यात मजबूत.

आणि फक्त वादाच्या रकमेवरच डिस्प्यूट घाला. तीन रात्री राहून पूर्ण बिलावर दावा करणारा माणूस बँकेला खोटा वाटतो, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

बँक बऱ्याचदा तात्पुरते पैसे जमा करते. ते खर्च करू नका. हॉटेलला उत्तर देण्याचा हक्क असतो, त्यात ते नोंदणी-कार्ड, अटी मान्य केल्याची नोंद, फोटो असं सगळं पाठवू शकतं. मग बँक तुम्हाला पुन्हा विचारते आणि इथे बरेच जण गप्प बसून हरतात. उत्तराची मुदत थोडी असते. हॉटेलच्या प्रत्येक कागदाला एकेका वाक्यात उत्तर द्या: ‘या कार्डावर या आकाराचा उल्लेख नाही’, ‘या फोटोवर तारीख आणि खोली क्रमांक नाही’.

कायद्याचा आधार

हा देशागणिक बदलतो. अमेरिकेत १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्टनुसार क्रेडिट कार्डावरच्या चुकीबद्दल ती दिसली त्या पहिल्या स्टेटमेंटपासून ६० दिवसांत लेखी कळवावं लागतं. ब्रिटनमध्ये १९७४ च्याच कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम ७५ आहे. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या किमतीच्या सेवेसाठी क्रेडिट कार्ड देणारी कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते, मात्र मधल्या संकेतस्थळाला पैसे दिले असतील तर हा दावा अडू शकतो. युरोपीय संघात एका देशातल्या रहिवाशाची दुसऱ्या देशातल्या हॉटेलाशी तक्रार असेल तर युरोपीय ग्राहक केंद्रांचं जाळं विनामूल्य मध्यस्थी करतं. भारतात २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांनी शेवटच्या क्षणी किंमत वाढवणं आणि न विचारता वस्तू जोडणं या दोन्ही गोष्टी अयोग्य ठरवल्या आहेत. तक्रारीसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे.

हॉटेल ज्या देशात आहे तिथल्या नियमाचं एक वाक्य ईमेलमध्ये घातलं तर वजन पडतं. कलमांची माळ लावली तर तो ईमेल थेट वकिलाकडे जातो आणि उत्तर महिन्यानं येतं.

तडजोड आणि परतावा

मधेच प्रस्ताव येतो: पैसे नाही, पण पुढच्या मुक्कामाला एक रात्र मोफत, किंवा लॉयल्टी पॉइंट. त्या हॉटेलात पुन्हा जाणार असाल तरच विचार करा. अर्धी रक्कम परत देऊ असं म्हणाले तर स्वतःच्या कागदांकडे प्रामाणिकपणे बघा; अट लिहिलेली होती आणि आपण वाचली नव्हती असं असेल तर अर्धी चांगली. घेण्याआधी एक वाक्य लेखी हवं की हे प्रकरण मिटलं आणि कार्डावरून आणखी काही घेतलं जाणार नाही.

‘परतावा केला’ असं कळवलं आणि आठवड्याभरात खात्यात काही दिसलं नाही, तर त्यांच्याकडे परताव्याचा एआरएन मागा. हा २३ अंकी क्रमांक असतो आणि तो दिला की तुमची बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. क्रमांक देता येत नसेल तर परतावा बहुधा झालेलाच नसतो. परदेशी चलनातला परतावा त्या दिवशीच्या दरानं येतो, त्यामुळे गेलेल्या रकमेपेक्षा थोडी कमी-जास्त रक्कम दिसेल. आणि बँकेकडे डिस्प्यूट चालू असतानाच हॉटेलनं पैसे पाठवले, तर त्याच दिवशी बँकेला कळवून अर्ज मागे घ्या; नाहीतर एकाच आकाराचे दोनदा पैसे घेतल्याचा ईमेल उलट तुम्हालाच येईल.